माझ्या आईचं कानटोपरं

आमच्या घरातली कुठलीही गोष्ट आधी गल्लीला कळायची आणि मग माझ्या आईला. यात गल्लीचा काही दोष नव्हता. आईला ऐकू येत नसे, म्हणून तिला सगळं ओरडून सांगावं लागे. आणि ओरडलेलं तिच्या कानात शिरायच्या आधी भिंतीपलीकडच्या काकूंच्या कानात शिरलेलं असे. काकूंचे कान देवानं फार मन लावून घडवले होते. आईच्या कानांतून वाचवलेलं सामान त्यानं तिकडेच वापरलं असावं, असा माझा संशय होता.

आमचं गाव धामणगाव बढे. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वडील मिरची आणि वांगी पिकवायचे आणि मलकापूरच्या बाजारात न्यायचे. मी दहा वर्षांची असताना आईचे कान वाहायला लागले. गावात ज्यानं त्यानं एकेक तेल सांगितलं, आईनं कुणाचंच मन मोडलं नाही, आणि काही महिन्यांतच तेलांनी आपलं काम चोख केलं. त्यानंतर तिच्याशी बोलायचं म्हणजे बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं बोलावं लागे. वडिलांचा आवाज मुळातच दणदणीत. पुढेपुढे ते सगळ्यांशीच तसं बोलायला लागले. देवापुढे हात जोडून पुटपुटायचे, तेही रस्त्यावर ऐकू यायचं.

एकदा त्यांना मूळव्याधीचा त्रास सुरू झाला. तो त्यांनी आईला सांगितला, म्हणजे ओरडूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माणसं तीन वेगवेगळी औषधं घेऊन दारात उभी. त्यांतले एक शाळेतले गुरुजी होते आणि त्यांनी माझ्यासमोरच सुरणाचे गुण सांगितले. वडील दोन दिवस शेतातच राहिले.

माझ्यावरही अशी वेळ आली होती. तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा मला कावळा शिवला. हे तरी गल्लीला सांगायचं नाही, असं मी ठरवलं, आणि आईसमोर उभी राहून दोन्ही हातांचे पंख करून फडफडवले, वर काव काव असं तोंडही केलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, “अगं माय, कुरड्या!” म्हणून ओरडली आणि काठी घेऊन, कुरड्या वाळत घातलेल्या घराच्या धाब्यावर धावली. वर कावळा नव्हता. ती खाली आली तर मी अजून पंख हलवतेय. ती पुन्हा वर गेली. तिसऱ्या खेपेला काकूच भिंतीवरून डोकावल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना एका क्षणात सगळं समजलं, आणि त्यांनी ते आईला ओरडून सांगितलं.

म्हणून मी एकोणीस वर्षांची झाले आणि साखरखेर्ड्याचं स्थळ आलं तेव्हा मी घाबरले. मुलाची भीती नव्हती. भीती त्या प्रश्नाची होती, जो आई मला विचारणार होती. आमच्याकडे बाप मुलीला असलं काही विचारत नसे. आईनं मुलीला विचारायचं, आईनं बापाला सांगायचं, आणि बापानं ते आपलंच मत म्हणून पाहुण्यांना कळवायचं. ही सगळी वाट माझ्या आईच्या कानातून जात होती.

पाहुणे आले. मुलगा दिसायला बरा होता, जमीन चांगली होती, आणि त्यांची बोली जालन्याकडं झुकलेली असल्यामुळे ऐकायला जरा वेगळी गंमत वाटत होती. मी पोहे दिले. आई दाराशी बसली होती. कुणीतरी हळूच मुलाला सांगितलं की सासूबाईंना ऐकू येत नाही. त्यानं आईकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, “मंग तर लईच ब्येस झालं की! पोरगी माहेरी येऊन कितीबी रडली, तरी ऐकनार कोन?”

सगळे हसले. वडीलही थोडे हसले, पाहुणे होते ना. आईनं सगळ्यांची तोंडं पाहिली. काहीतरी चांगला विनोद झाला असावा असं तिला वाटलं आणि तीही हसली. पदर तोंडाला लावून, अगदी मनापासून हसली.

मी ते पोह्यांचं ताट उचलून आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. मला संताप आला होता. असा संताप मला पूर्वी आला नव्हता आणि तो कुठे ठेवायचा हेही कळत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आईनं भुवया उंचावून विचारलं, पसंत? मी मान हलवली, नाही. ती खुश होऊन माझ्या गालावरून हात फिरवून गेली. कारण पहिल्यांदा नाही म्हणायचीच रीत होती. जी मुलगी पटकन हो म्हणते तिला लोक हावरट म्हणत. माझं ‘नाही’ हे खरंखुरं ‘नाही’च आहे, हे आईला पटवायचं तर कारण सांगायला हवं होतं. आणि कारण ओरडून सांगायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. “माय, थो तुह्यावर हसला आन तूबी हसली!” हे मी भर गल्लीत, काकूंच्या साक्षीनं, आईच्या तोंडावर ओरडू? ती लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. काकूंमार्फत सांगणं मला मेले तरी चाललं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की निरोप द्यायचा ठरला होता, आणि घरात सगळे माझ्या लाजण्याचं कौतुक करत होते.

तेवढ्यात वडिलांचा घसा बसला.

म्हणजे पार बसला. नऊ वर्षं ओरडून ओरडून एका सकाळी त्यांनी आईला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. मलकापूरच्या डॉक्टरला दाखवायला आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. डॉक्टरनं वडिलांना महिनाभर मोठ्यानं बोलायचं नाही असं बजावलं. आलोच आहोत तर आईचे कानही पाहून घेतले. डॉक्टर म्हणाले, ऐकू येण्याचं यंत्र असतं, पण ते कानाच्या आत बसवावं लागतं, आणि या कानांच्या आत यापुढे काहीही घालायचं नाही. तेल नाही, काडी नाही, यंत्रही नाही. वडिलांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, “मंग मी हिच्याशी बोलू कसा?” डॉक्टरनं त्याचं काही औषध दिलं नाही.

बाजारातून परत येताना एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापाशी आई एकदम थांबली. आत मेकॅनिक एक उघडा रेडिओ पुढ्यात घेऊन बसला होता. त्याच्या डोक्यावरून एक पट्टी गेली होती आणि दोन्ही कानांवर दोन काळ्या वाट्या होत्या. एक गिऱ्हाईक त्याला हाका मारत होतं आणि त्याचं लक्षच नव्हतं. आईला गहिवरून आलं. नऊ वर्षांत तिला स्वतःसारखं माणूस भेटलं नव्हतं.

“अरे बाप्पा,” ती त्याच्या पुढ्यात जाऊन जोरात म्हणाली, “तुले बी ऐकू येत नाई का? तेल घालू नको बरं! म्या घातलं तं हे असं झालं!”

आईच्या आवाजानं त्या वाट्याही भेदल्या. मेकॅनिकनं दचकून त्या काढल्या आणि म्हणाला, “काय झालं, मावशी?” गिऱ्हाईकालाही त्यानं लगेच उत्तर दिलं. आई आ वासून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं निकाल दिला, “बहिऱ्याचं यंत्र हाय हे. लावलं म्हनून त्याले ऐकू येऊन राह्यलं.”

आम्ही हसलो. मेकॅनिक हसला नाही. तो आईकडे पाहत होता. मग त्यानं मला विचारलं, कानाला नेमकं काय झालंय? मी डॉक्टरचं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी काही चुकीचं बोलल्या नाहीत. हे कानाच्या आत जात नाही, वरून झाकतं. एक माईक आणि सेलवर चालणारी डबी जोडून दिली तर बोललेलं मोठं होऊन यात येईल. डबी मी बनवतो. हेडफोन तुम्ही पसंत करा.”

पसंत करा, हे ऐकून मला पुन्हा ते स्थळ आठवलं. इथं तरी आईला पसंती सांगता येणार होती. आणि मला एवढं कळलं की ही वस्तू घरी आली तर मला तिच्याशी हळू बोलता येईल.

आता माझी नात हेडफोन घेताना पंधरा दिवस फोनवर अनोळखी लोकांची मतं वाचते. आईपुढे फक्त तीन नग होते आणि तिनं मत कुणाचंच विचारलं नाही. मेकॅनिकनं पहिला पुढे ठेवला तो मिलिटरीच्या मोडीतला, जाड, काळा, लोखंडी पट्टीचा. “हा शंभर वर्षं बिघडणार नाही,” तो म्हणाला. आईनं तो उचलला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या वाटीवर टकटक केली. माठ घ्यायचा, नारळ घ्यायचा, तर वाजवूनच घ्यायचा, ही तिची रीत. ऐकू येईनासं झाल्यावरही ती सुटली नव्हती. नाद तिला पेरातच कळायचा आणि बाजारातले कुंभार तिला पाहिलं की मडकी मागे सरकवायचे. तिनं एक वाटी वाजवली, दुसरी वाजवली, पुन्हा पहिली वाजवली.

“हे फुटकं हाय,” ती म्हणाली.

मेकॅनिकला राग आला. मिलिटरीच्या मालाला असं कुणी म्हटलं नसावं. त्यानं वाटी उघडली, आतली चकती दिव्यापुढे धरली, आणि काही न बोलता नग परत फडताळात ठेवला. चकतीला केसाएवढी चीर होती.

दुसरा नग हलका, देखणा, पण त्याच्या चकत्या छोट्या आणि कानावरच टेकणाऱ्या. आईच्या कानात वरच्या अंगाला बुगडी होती. चकती बरोबर तिच्यावर बसली आणि आई कळवळली. मेकॅनिक म्हणाला, “मावशी, ते दागिने काढून ठेवा.” मी ते खुणेनं सांगितलं. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्यानं घर विकायला सांगितलं होतं.

“ऐकू येन्यासाठी कान बुचे करू का?” ती म्हणाली. “लेकीले पाहून गेले लोकं, आन माय बुच्च्या कानाची?”

तिसरा नग मेकॅनिकच्या स्वतःच्या डोक्यावरचा होता. वाट्या खोल, कडेनं मऊ चामड्याची गादी, आणि आत अख्खा कान मावेल एवढी जागा. तो विकायचा नव्हता. मुंबईहून आणलेला, हातचा, वापरातला. आईनं तो त्याच्या गळ्यातून सरळ काढून घेतला. कान आत बसला, बुगडीही आत बसली, दुखलं नाही. मग प्रश्न आला पदराचा. पट्टी पदरावरून की पदराखालून? वरून घेतली तर पट्टी घसरायची, खालून घेतली तर पट्टी अंबाड्यावर अडायची. मेकॅनिकनं पट्टी वाढवली. आईनं अंबाडा जरा खाली ओढला, वरून पदर घेतला आणि मान गदागदा हलवून पाहिली, नवं दावं बांधलं की गाय हलवते तशी. काही पडलं नाही.

“हेच,” ती म्हणाली.

“मावशी, तो माझा आहे.”

“मंग तं चांगलाच असन.”

मेकॅनिकनं किंमत सांगितली, मुद्दाम भारी. आईनं ती ऐकली नाही आणि आपली सांगितली. तो कमी करत आला, आई आपल्याच आकड्यावर. बांगड्या विकणाऱ्या बायकांनीही आईपुढे असेच हात टेकले होते, कारण न ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडणार कसं? शेवटी तो म्हणाला, “द्या काय द्यायचं ते,” आणि हे मात्र तिला त्याच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं.

मग त्यानं दुकानातल्या यंत्राला तो जोडून पाहिला. माईक तोंडापाशी धरून म्हणाला, “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.” आई जागच्या जागी उडाली. लगेच पदर पुढे ओढला. परका पुरुष, आणि एवढ्या जवळून! “हाव... बोला,” ती अवघडून म्हणाली. मग मला म्हणाली, “हा मानूस माह्या डोक्यात बसून बोलून राह्यला वं!”

वडिलांना राहवेना. त्यांनी माईक हिसकावला, छाती भरून घेतली आणि डॉक्टरचं बजावणं विसरून बसक्या घशानंच सवयीप्रमाणे ओरडले. आईनं कानटोपरं झटक्यात काढलं. कानटोपरं हे नाव तिनं तिथेच ठेवलं होतं. हेडफोन हा शब्द तिच्या तोंडात बसेना. “ह्याईचा आवाज मले यंत्राबिगर बी येते!” ती म्हणाली. मेकॅनिकनं वडिलांना सांगितलं, “दादा, हळू. जसं माणसाशी बोलतो तसं बोला.”

वडिलांनी माईक हातात धरला आणि उभे राहिले. हळू काय बोलायचं हे त्यांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, “च्या घेतं का?”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. “एवढं हळू तं तुमी लग्नात बी नव्हते बोलले,” ती म्हणाली, आणि वडील माईक ठेवून उगाच बाहेर जाऊन बाजार पाहायला लागले.

मेकॅनिकनं माईक माझ्यापुढे केला. मी मान हलवली. मला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती बोलायला हे दुकान नव्हतं. “पोरीले लाज वाटते,” आई म्हणाली. डबी तयार व्हायला आठ दिवस लागणार होते. तुळशीचं लग्न दहा दिवसांवर होतं. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. डबीशिवायचं कानटोपरं खुंटीला टांगलेलं होतं आणि काकू येऊन येऊन ते पाहून जात. थंडीचं बरं, असं त्यांचं मत पडलं.

नवव्या दिवशी वडील मलकापूरहून डबी घेऊन एस.टी.तून उतरले, आणि त्यांच्यामागे त्याच गाडीतून उतरले आमचे मामा. मामा म्हणजे आईचे लांबचे भाऊ. साखरखेर्ड्याचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. लग्न उद्या लागायचं होतं, तुळशीचं, पण मामांना माझ्या लग्नाची जास्त घाई. “निरोप घेऊनच जातो,” म्हणाले आणि पुढच्या खोलीत बसले. वडिलांनी डबी माझ्या हातात दिली आणि आईला खूण केली, विचारून घे. मग ते मामांसाठी चहा घेऊन बाहेर गेले.

स्वयंपाकघरात आम्ही दोघी. मी तारा जोडल्या; मेकॅनिकनं वडिलांना दाखवलं होतं आणि त्यांनी मला हातवारे करून. डबी बारीक गुणगुणायला लागली. आईनं कान आत बसवले, पदर वरून घेतला आणि माझ्यापुढे मांडी घालून बसली. मी माईक ओठांशी धरला. बाहेर कपबशी वाजत होती, भिंतीपलीकडे काकू पाट्यावर काहीतरी वाटत होत्या. आता त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं. मला त्याचा इतका आनंद झाला होता की क्षणभर मूळ गोष्टच विसरले.

“माय,” मी अगदी हळू म्हणाले, “मले हे स्थळ नको.”

आईचे डोळे मोठे झाले.

“काय म्हनतं?” ती ओरडली. “पोरगा पसंत नाई?”

बाहेरची कपबशी थांबली. पलीकडचा वरवंटा थांबला. आमच्या घरानं, डॉक्टरनं, त्या हुशार मेकॅनिकनं, सगळ्यांनी आईच्या कानांचा विचार केला होता. तिच्या तोंडाचा विचार कुणालाच सुचला नव्हता.

मी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल, माय!”

“हळू काऊन?” ती तेवढ्याच जोरात म्हणाली. “तू बोलून राह्यली ना हळू! काऊन पसंत नाई? सावळा हाय म्हनून? अवं, तुहा बाप कोनता गोरा हाय?”

बाहेर मामा खोकले. भिंतीपलीकडे काकू नक्कीच पाटा सोडून भिंतीशी आल्या असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही येत होतं. आता जे व्हायचं ते झालंच आहे, असं मनाशी म्हणून मी पुन्हा माईक तोंडाशी धरला. आणि तिला सांगितलं. त्या दिवशी तो काय म्हणाला, कुणाकडे पाहून म्हणाला, सगळे कसे हसले. ती स्वतः हसली होती, ते मात्र मी सांगितलं नाही. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

आई ऐकत होती. वाट्यांवर तिनं दोन्ही हात धरले होते. माझं बोलणं संपलं तरी तिनं हात काढले नाहीत.

“मंग म्या बी हसली,” ती म्हणाली. हे ती हळू म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला आणि बाहेर तो कुणालाच ऐकू गेला नाही.

मग ती उठली आणि तशीच पुढच्या खोलीकडे निघाली. तार डबीला, डबी माझ्या हातात, त्यामुळे मलाही तिच्यामागे जावं लागलं, माईक आणि डबी सांभाळत. मामांनी आईकडे पाहिलं. पदराखाली दोन्ही बाजूंना दोन मोठे फुगे, मागून तार, तारेला मी. त्यांच्या हातातली बशी वाकडी झाली.

“दादा,” आई म्हणाली, “त्याईले सांगा, सासूले ऐकू येते.”

मामांना काहीच कळेना. “अवं ताई, पन असं कसं? येवढं चांगलं घर, काईतरी कारन तं—” त्यांनी नेहमीच्या सवयीनं आवाज चढवला होता. मी माईक त्यांच्याकडे धरला होता हे माझ्याही लक्षात नव्हतं.

आईनं डोळे मिटून घेतले. “वरडू नका,” ती म्हणाली. “ऐकून राह्यली मी.”

मामांनी वडिलांकडे पाहिलं. वडील खाली मान घालून बसले होते. त्या दिवशी आपणही थोडे हसलो होतो, हे त्यांना आठवत असावं. मला तसं वाटलं, आणि अजूनही वाटतं. त्यांचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. “तिनं सांगतलं ना,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मंग नाईच.” मामांनी उरलेला चहा संपवला आणि परतीच्या गाडीची चौकशी केली.

आई परत आत आली, जिथं उठली होती तिथंच बसली, आणि पुन्हा मांडी घालून माझ्याकडे पाहायला लागली.

“बोल,” ती म्हणाली.

“आता काय बोलू?”

“काई बी बोल. तू दहा वर्साची होती तवा ऐकला होता तुहा आवाज. चिमनीवानी होता. मंग मोठी कवा झाली, मले काय मालूम?” तिनं वाट्या कानांवर घट्ट दाबल्या. “माह्या मायचा आवाज हाय वं तुहा.”

नऊ वर्षं मी तिला फक्त ओरडून सांगण्यासारखंच सांगितलं होतं, दूध तापलंय, बाबा आले, पीठ संपलं. बाकीचं सगळं माझ्यातच राहिलं होतं. मग मी त्या कावळ्यापासून सुरुवात केली. कुरड्यांवर कावळा नव्हताच, हे तिला सांगितलं. ती इतकी हसली की कानटोपरं तिरकं झालं. शाळेतल्या गमती सांगितल्या, काकूंच्या नकला केल्या, मैत्रिणीचं लग्न होऊन ती गेली तेव्हा मी मिरचीच्या शेतात बसून रडले होते तेही सांगितलं. वडील दोनदा दारात आले, आम्हाला पाहिलं आणि स्वतःच भाकरी वाढून घेऊन गेले. आई मान हलवत होती, मध्येच “मंग?” म्हणत होती.

किती वेळ बोलले कुणास ठाऊक. कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मांडीवरची डबी गुणगुणत नव्हती. सेल संपले होते, आणि ते आत्ताच संपले नसावेत. आई माझ्या तोंडाकडे पाहून मान हलवत होती. “मंग?” ती म्हणाली.

मी पुढचं सांगायला लागले.